आशाताईंचे दोन प्रश्न आणि मनाचा ‘काटा’ : नैराश्य ओळखणारी प्रश्नावली कितपत खरी, हे कसं ठरतं?

अहिल्यानगर : तीस वर्षांपुढच्या माणसांचा बीपी-शुगरचा फॉर्म भरायला आशाताई घरी येतात. तंबाखू खाता का, दारू घेता का, कंबरेचं माप किती, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, असे प्रश्न त्या विचारतात. फॉर्मच्या शेवटी मात्र दोन वेगळेच प्रश्न असतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटत नाही, कशातच आनंद वाटत नाही, असं किती दिवस झालं? आणि उदास, खचल्यासारखं किंवा पुढं काही आशाच नाही, असं किती दिवस वाटलं?

बरेच जण यावर हसून ‘काही नाही, सगळं बरं आहे’ म्हणतात आणि विषय संपवतात. पण हे प्रश्न तिथं सहज घातलेले नाहीत. नैराश्य, म्हणजे डिप्रेशन, लवकर लक्षात यावं म्हणून ते ठेवले आहेत. रक्तातली साखर मशीन मोजतं. मनाचं दुखणं दोन-चार प्रश्नांनी कसं मोजायचं? आणि मोजलं तरी ते खरं कशावरून? याच प्रश्नांची ही माहिती.

प्रश्नावली आली कुठून?

आशाताईंचे दोन प्रश्न हे एका मोठ्या प्रश्नावलीतले पहिले दोन आहेत. तिचं नाव पीएचक्यू-९. अमेरिकेतले डॉ. रॉबर्ट स्पिट्झर, डॉ. जॅनेट विल्यम्स, डॉ. कर्ट क्रोएन्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली. १९९९ मध्ये मूळ मोठी प्रश्नावली प्रसिद्ध झाली आणि २००१ मध्ये तिच्यातल्या नैराश्याच्या नऊ प्रश्नांची सविस्तर तपासणी छापून आली. ती वापरायला पैसे लागत नाहीत आणि तिचं मराठी रूपांतरही उपलब्ध आहे.

नऊ प्रश्न या नऊ गोष्टींबद्दल आहेत :

१. कामात रस किंवा आनंद न वाटणं
२. उदास, निराश वाटणं
३. झोप न लागणं, मोडणं किंवा फार झोप येणं
४. थकवा, अंगात त्राण नसणं
५. भूक मंदावणं किंवा फार खाणं
६. स्वतःबद्दल वाईट वाटणं, आपण कुचकामी आहोत, घरच्यांना खाली पाहायला लावलं असं वाटणं
७. लक्ष न लागणं
८. हालचाल, बोलणं फार मंदावणं किंवा उलट बेचैनीनं एका जागी न बसवणं
९. मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येणं

प्रत्येक प्रश्न गेल्या दोन आठवड्यांपुरता असतो. उत्तरं चार : अजिबात नाही (०), काही दिवस (१), निम्म्यापेक्षा जास्त दिवस (२), जवळजवळ रोज (३). म्हणजे एकूण गुण ० ते २७. नऊ प्रश्नांनंतर आणखी एक विचारलं जातं, की या त्रासामुळं काम करणं, घर सांभाळणं, माणसांत मिसळणं किती अवघड झालं? त्याचे गुण धरत नाहीत, पण डॉक्टरांच्या दृष्टीनं ते उत्तर फार महत्त्वाचं असतं.

गुणांचे टप्पे असे :

- ० ते ४ : विशेष काही नाही
- ५ ते ९ : सौम्य त्रास
- १० ते १४ : मध्यम
- १५ ते १९ : मध्यम ते तीव्र
- २० ते २७ : तीव्र

१० किंवा त्याहून जास्त गुण आले, तर त्या माणसाची नीट तपासणी व्हायला हवी, असं साधारणपणे धरतात. ‘तपासणी व्हायला हवी’ एवढाच त्याचा अर्थ. ‘या माणसाला डिप्रेशन झालंय’ असा नाही. या दोन वाक्यांतला फरक कळला की पुढचं सगळं सोपं जातं.

भरवशाचा काटा आणि खरा काटा

आपल्या जिल्ह्यात काट्याबद्दल कुणाला शिकवायची गरज नाही. उसाची भरलेली गाडी काट्यावर गेली की शेतकऱ्याचं लक्ष आकड्यावर असतं. त्याला दोन गोष्टी हव्या असतात.

पहिली, तीच गाडी लगेच पुन्हा चढवली तर आकडा तोच यावा. एकदा १५ टन, एकदा १७ टन असं दाखवणारा काटा कामाचा नाही. याला शास्त्रात विश्वासार्हता म्हणतात.

दुसरी, आकडा खरा असावा. समजा एखादा काटा प्रत्येक वेळी अर्धा टन कमी दाखवतो. दहा वेळा चढवा, दहाही वेळा तोच आकडा. हा काटा भरवशाचा आहे, पण खोटा आहे. जे मोजायचं तेच आणि तेवढंच मोजलं जातंय का, याला वैधता म्हणतात.

प्रश्नावलीचंही तसंच आहे. ती आधी भरवशाची हवी आणि शिवाय खरी हवी. फक्त पहिली अट पुरी केली तर खोट्या काट्यावर सगळ्या गावाचा ऊस मोजल्यासारखं होईल.

विश्वासार्हता कशी तपासतात?

यासाठी मुख्यतः तीन गोष्टी पाहतात.

एक, नऊ प्रश्न एकाच दिशेनं बोलतात का? सगळे प्रश्न नैराश्याचेच असतील, तर एका प्रश्नाला जास्त गुण देणारा माणूस बाकीच्यांनाही साधारण जास्त देईल. हा मेळ ० ते १ या आकड्यात मांडतात. त्याला क्रॉनबाकचा अल्फा म्हणतात. ली क्रॉनबाक या अभ्यासकानं १९५१ मध्ये तो मांडला. साधारण ०.७ च्या वर असला तर बरा समजतात. २००१ च्या अमेरिकेतल्या तपासणीत पीएचक्यू-९ चा अल्फा साध्या दवाखान्यांत ०.८९ आणि स्त्रीरोग दवाखान्यांत ०.८६ आला होता.

दोन, तोच माणूस पुन्हा विचारल्यावर तसंच सांगतो का? मधले दिवस फार झाले तर मनाची अवस्थाच बदलते, म्हणून हे लवकर पाहावं लागतं. त्याच अभ्यासात रुग्णांनी दवाखान्यात प्रश्नावली भरली आणि ४८ तासांच्या आत फोनवरून तेच प्रश्न पुन्हा विचारले. दोन्ही वेळच्या गुणांचा मेळ ०.८४ आला. पूर्ण मेळ असता तर तो आकडा १ असता.

तीन, विचारणारा बदलला तर उत्तर बदलतं का? खेड्यात ही तपासणी सगळ्यात महत्त्वाची. जिथं माणूस स्वतः वाचून फॉर्म भरत नाही, तिथं कुणीतरी वाचून दाखवतं. एका ताईनं प्रश्न जसा आहे तसा वाचला आणि दुसरीनं ‘तसं काही नाही ना तुम्हाला?’ असं विचारलं, तर दोन गावांचे आकडे वेगळे येतील. त्यात दोन्ही गावांच्या मनाचा काहीच दोष नसेल. म्हणून प्रश्न कसा विचारायचा, मध्ये काय समजावून सांगायचं, किती वेळ थांबायचं, याचं एकसारखं प्रशिक्षण लागतं.

सासूसमोर सून काय सांगणार, हाही याच मुद्द्याचा भाग. ओसरीवर चार माणसं बसलेली असताना मिळालेलं उत्तर आणि एकटीला विचारल्यावर मिळालेलं उत्तर सारखं नसतं. प्रश्नावली चांगली असूनही आकडा चुकतो.

वैधता : बाहेरच्या काट्यावर वजन

काट्यावर शंका आली तर शेतकरी तीच गाडी बाहेरच्या खात्रीच्या काट्यावर चढवतो. प्रश्नावलीचा ‘खात्रीचा काटा’ म्हणजे मानसोपचारतज्ज्ञानं समोर बसून, ठरलेल्या पद्धतीनं घेतलेली सविस्तर मुलाखत.

पद्धत अशी असते. आधी लोकांकडून प्रश्नावली भरून घेतात. मग त्यांचीच मुलाखत तज्ज्ञ घेतो. त्याला प्रश्नावलीचे गुण सांगत नाहीत, नाहीतर त्याचं मत त्या आकड्याकडं झुकेल. शेवटी दोन्ही निकाल शेजारी ठेवून दोन गोष्टी मोजतात :

- ज्यांना खरंच नैराश्य आहे, त्यातले किती जण प्रश्नावलीनं पकडले? ही झाली पकड.
- ज्यांना नैराश्य नाही, त्यातल्या किती जणांना तिनं बरोबर सोडून दिलं? ही झाली सूट.

२००१ च्या अभ्यासात सुमारे ६,००० रुग्णांनी प्रश्नावली भरली आणि त्यातल्या ५८० जणांची तज्ज्ञानं मुलाखत घेतली. १० गुणांच्या रेषेवर पकड ८८ टक्के आणि सूटही ८८ टक्के आली. पुढं २०१९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जगभरातले ५८ अभ्यास आणि १७,३५७ माणसांची माहिती एकत्र करून पुन्हा हिशोब झाला. तज्ज्ञांच्या मुलाखतीशी ताडून पाहिल्यावर पकड ८८ टक्के आणि सूट ८५ टक्के निघाली. म्हणजे चाळण बरीच चांगली आहे. तरीही ती चाळणच आहे. का, ते पुढच्या हिशोबात दिसेल.

हजार माणसांच्या गावाचा हिशोब

समजण्यासाठी एक गाव धरू. मोठी माणसं १,०००. त्यातल्या १०० जणांना खरंच नैराश्य आहे असं समजू. पकड ८८ टक्के, सूट ८८ टक्के.

- १०० आजारी माणसांपैकी ८८ पकडली गेली, १२ निसटली.
- उरलेल्या ९०० जणांपैकी ७९२ बरोबर सुटली, पण १०८ जणांना उगाचच १० च्या वर गुण आले.

आता १० च्या वर गुण आलेली एकूण माणसं १९६. त्यातली खरी आजारी ८८. म्हणजे निम्म्याहूनही कमी! प्रश्नावली इतकी चांगली असूनही प्रत्येक दोन माणसांमागं एकापेक्षा जास्त माणूस उगाच यादीत आला.

गावात आजारी माणसं १०० ऐवजी ५० असती, तर यादी १५८ जणांची झाली असती आणि त्यात खरे आजारी फक्त ४४. उलट जिथं दर हजारात ३०० जण आजारी आहेत अशा एखाद्या ओपीडीत हीच प्रश्नावली वापरली, तर ३४८ च्या यादीत २६४ खरे आजारी निघतील.

चाळण तीच, पण आकड्याचा अर्थ बदलला. म्हणून ‘अमक्या गावात इतके टक्के लोक डिप्रेशनमध्ये’ अशी बातमी वाचली, की पहिला प्रश्न विचारायचा : हा आकडा प्रश्नावलीचा आहे की मुलाखतीचा? अनेक अभ्यास एकत्र करून २०२० मध्ये केलेल्या एका हिशोबात १० च्या वर गुण आलेले लोक २४.६ टक्के होते, तर तज्ज्ञांच्या मुलाखतीत नैराश्य निघालेले १२.१ टक्के. जवळपास दुपटीचा फरक.

आपल्या देशातले दोन आकडेही यासाठी बोलके आहेत. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्या राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तिथं ठरलेल्या मुलाखतीनं मोजलं, तर त्या वेळी नैराश्यात असलेले लोक २.७ टक्के निघाले. अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यांत पीएचक्यू-९ नं मोजलं तेव्हा १० च्या वर गुण असलेले १४.६ टक्के होते. ठिकाण वेगळं, लोक वेगळे, शेतीचं संकट वेगळं, हे खरंच. पण मापही वेगळं होतं. दोन काट्यांवरचे आकडे शेजारी ठेवून ‘इथं पाचपट नैराश्य’ म्हणणं चूक.

रेष कुठं मारायची?

आशाताईंच्या दोन प्रश्नांना मिळून ० ते ६ गुण असतात. २००३ मध्ये या दोन प्रश्नांची वेगळी तपासणी झाली तेव्हा ३ किंवा त्याहून जास्त गुण आले तर पुढं तपासावं, असं सुचवलं होतं. तिथं पकड ८३ टक्के आणि सूट ९२ टक्के आली होती. आपल्याकडच्या आशाताईंच्या फॉर्मवर मात्र ‘३ पेक्षा जास्त’ गुण असतील तर समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडं किंवा वैद्यकीय अधिकाऱ्याकडं पाठवा, असं आहे. फरक एका गुणाचाच, पण त्याचा अर्थ पाहा.

समजा एक शेतकरी म्हणतो, ‘उदास-बिदास काही नाही, पण कशातच मन लागत नाही, रोजचंच झालंय.’ पहिल्या प्रश्नाला ३, दुसऱ्याला ०. एकूण ३. मूळ रेषेनं तो पुढं पाठवला जाईल. फॉर्मवरच्या रेषेनं नाही.

रेष खाली आणली की पकड वाढते, पण उगाच यादीत येणारेही वाढतात आणि आधीच गर्दी असलेल्या दवाखान्यावर भार पडतो. रेष वर नेली की गर्दी कमी होते, पण खरे आजारी निसटतात. रेष देवानं आखलेली नसते, माणसं ठरवतात. म्हणून तिच्या अलीकडं राहिलेल्या माणसानं ‘मला काही नाही’ असं समजून घरी बसू नये. त्रास होत असेल तर गुण कितीही येवोत, स्वतःहून उपकेंद्रात किंवा दवाखान्यात सांगावं.

मराठीत आणली म्हणजे झाली का?

इथं खरी अडचण सुरू होते. प्रश्नावलीचं नुसतं भाषांतर करून चालत नाही.

रीत अशी आहे. इंग्रजी जाणणारे एक-दोन जण मराठीत रूपांतर करतात. मूळ प्रश्नावली न पाहिलेला दुसरा कुणीतरी ते मराठी परत इंग्रजीत नेतो. दोन्ही इंग्रजी ताडून पाहतात, अर्थ हललाय का बघतात. मग गावातल्या काही माणसांना प्रश्न वाचून दाखवून विचारतात, ‘तुम्हाला यातून काय समजलं?’ शेवटी पुन्हा खात्रीचा काटा : मुलाखत आणि पकड-सूट.

आपल्याकडची माणसं ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणत नाहीत. ‘लई टेन्शन आहे’, ‘करमत नाही’, ‘मन लागत नाही’, ‘डोक्यात विचारच विचार’, ‘हातपाय गळाल्यासारखं होतं’, ‘जीव नकोसा झालाय’ असं म्हणतात. कित्येक जण तर मनाचं नावच काढत नाहीत. डोकं दुखतं, अंग दुखतं, छातीत धडधडतं म्हणून दवाखान्यात जातात, सलाईन लावून घेतात आणि परत येतात.

हे फक्त आपल्याकडंच आहे असं नाही. आफ्रिकेतल्या झिम्बाब्वेमध्ये शोना भाषेत ‘फार विचार करणं’ हा त्रासाचा मुख्य शब्द आहे. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात तिथल्या लोकांच्याच बोलीतून १४ प्रश्नांची वेगळी प्रश्नावली तयार केली आणि तपासली. पुढं हेच डॉ. पटेल गोव्यात आले. १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘संगथ’ या संस्थेतून त्यांनी केलेलं काम आपल्याला जवळचं आहे.

शब्दांइतकंच जगणंही आड येतं. झोपेचा प्रश्न घ्या. रात्रीची लाईट असली की शेतकरी दोन वाजता मोटार चालू करायला आणि दारं धरायला जातो. त्याची झोप मोडते ती विजेच्या वेळापत्रकानं. थकव्याचा प्रश्न घ्या. पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीला गेलेल्या कोयत्याला दिवसभर मोळ्या बांधल्यावर थकवा येणारच. भुकेचा प्रश्न श्रावणात उपास करणाऱ्याला विचारला तर? लक्ष लागण्याच्या प्रश्नात मूळ उदाहरण पेपर वाचण्याचं किंवा टीव्ही बघण्याचं आहे. ज्या आजीला वाचता येत नाही तिला त्याऐवजी काय विचारायचं? भजनात, निवडणं-टिपणं करताना, शेजारणीशी बोलताना लक्ष लागतं का, असं विचारता येईल. पण प्रश्न बदलला की काटा बदलला. तो पुन्हा तपासावा लागतो.

‘निम्म्यापेक्षा जास्त दिवस’ हेही पटकन ध्यानात येत नाही. ‘दोन आठवडे बाजार झाले, तेवढ्या दिवसांत किती दिवस असं वाटलं?’ असं विचारलं की लगेच उत्तर येतं. असे बदल करायला हरकत नाही, फक्त जिल्हाभर सगळ्यांनी एकाच पद्धतीनं विचारलं पाहिजे.

बाळंतिणींसाठीच्या प्रश्नावलीत हा विचार आधीच केलेला दिसतो. १९८७ मध्ये ब्रिटनमध्ये तयार झालेली एडिंबरा प्रश्नावली १० प्रश्नांची आहे. बाळामुळं आईची झोप मोडतेच, म्हणून तिथं नुसतं ‘झोप लागते का’ असं विचारत नाहीत. ‘मन इतकं दुःखी आहे का, की त्यामुळं झोप लागत नाही’ असं विचारतात. गोव्यात या प्रश्नावलीचं कोकणी रूप वापरून २७० बाळंतिणींचा अभ्यास झाला. तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य असल्याचं दिसलं. गरिबी, नवऱ्याशी बिनसलेलं नातं आणि मुलगी झाल्याचा घरचा राग, ही कारणं त्यात ठळकपणे पुढं आली. ‘ओल्या अंगाची आहे, होतं असं’ म्हणून जे सोडून देतात, ते कितीतरी वेळा आजारपण असतं.

गोवा, अमरावती आणि आपला जिल्हा

गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत पाच वेगवेगळ्या प्रश्नावल्या एकाच वेळी तपासून पाहिल्या गेल्या. पीएचक्यू त्यातली एक. तो अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाचही प्रश्नावल्या बऱ्यापैकी चालल्या. पण यादीत आलेल्या माणसांत खरे आजारी किती, हे प्रमाण प्रत्येकीचं वेगळं निघालं. कोणती रेष कुठं धरायची, हे ज्या त्या ठिकाणीच तपासावं लागतं, हा त्याचा धडा.

मग या प्रश्नावल्यांचा पुढं उपयोग झाला का? झाला. गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत पीएचक्यू-९ वर १४ पेक्षा जास्त गुण आलेल्या ४९५ जणांना घेऊन एक चाचणी झाली. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी त्यांच्याशी ठरावीक बैठका घेऊन बोलणं केलं. तीन महिन्यांनी, असं बोलणं मिळालेल्या गटात ६४ टक्के लोकांचे गुण १० च्या खाली आले. नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात ३९ टक्क्यांचे. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. प्रश्नावली भरवशाची नसती, तर गुण उतरले ते उपचारानं की काटाच हलतोय म्हणून, हे कळलंच नसतं.

त्याच वर्षी अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांतल्या ‘विश्राम’ प्रकल्पाचे निष्कर्ष आले. डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास. नैराश्यात असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणारे सुरुवातीला फक्त ४.३ टक्के होते. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन बोलायला सुरुवात केल्यावर दीड वर्षात ते २७.२ टक्के झाले. डॉ. शिधये यांनी पुढं आपल्या राहाता तालुक्यातल्या लोणीच्या प्रवरा वैद्यकीय विज्ञान संस्थेतून संशोधन केलं.

जामखेडचं नावही इथं घ्यायला हवं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पानं, शाळा न शिकलेल्या बायकाही गावच्या आरोग्य कार्यकर्त्या होऊ शकतात, हे देशाला दाखवलं. प्रश्नावली कागदावर कितीही शास्त्रशुद्ध असो, ती विचारणारी बाई गावच्या विश्वासातली असेल तरच खरं उत्तर मिळतं. काटा तपासणं हे संशोधकांचं काम असलं, तरी काट्यावर खरं वजन चढवणं गावाच्या हातात आहे.

नववा प्रश्न

मरणाचे विचार येतात का, हा प्रश्न विचारायला बरेच जण कचरतात. विचारलं तर डोक्यात नसलेलं डोक्यात येईल, अशी भीती असते. तसं होत नाही. उलट आतल्या आत कुढणाऱ्या माणसाला कुणीतरी सरळ विचारल्यानं मोकळं व्हायला जागा मिळते.

बाकी आठ प्रश्नांना शून्य असलं आणि या एकाच प्रश्नाला ‘काही दिवस’ असं उत्तर आलं, तरी एकूण गुणांकडं बघत बसायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचं. माणसाला एकटं ठेवायचं नाही. शेतीची औषधं कुलपात ठेवायची. पोलीस केसच्या भीतीनं गप्प राहायचं कारण नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरलं जातं. तिला शिक्षा करण्याऐवजी तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी आहे.

हे लक्षात ठेवा

- आशाताईंना खरं सांगा. शक्य असेल तर त्यांच्याशी एकट्यानं बोला. आणि घरातल्या बाईला विचारलं जात असेल तेव्हा बाकीच्यांनी उठून बाजूला जावं.
- व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘तुम्ही डिप्रेशनमध्ये आहात का?’ टेस्टवर विसंबू नका. तिचे प्रश्न कुठून आले, रेष कुणी ठरवली, कुठल्या लोकांवर तपासली, हे लिहिलेलं नसेल तर तो विनातपासणीचा काटा आहे.
- गुण जास्त आले म्हणून घाबरू नका, आणि कुणाचे आले म्हणून त्याला नाव ठेवू नका. रक्त कमी असणं, थायरॉईड, दारू, नुकतंच घरात झालेलं दुःख यामुळंही गुण वाढतात. ते वेगळं काढणं डॉक्टरांचं काम.
- गुण कमी आले, तरी त्रास होत असेल तर दवाखान्यात जा.
- एकदाच्या आकड्यावर थांबू नका. उपचार सुरू झाल्यावर तीच प्रश्नावली, त्याच पद्धतीनं पुन्हा भरली की फरक कळतो.

मदत कुठं मिळेल?

गावच्या उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालय इथं विचारणा करता येते. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, मोफत आणि मराठीतून बोलता येतं. स्वतःसाठी फोन करता येतो, तसाच घरातल्या किंवा शेजारच्या माणसाची काळजी वाटत असेल तरी करता येतो.